ओढा कोणत्या तारखेला आटला?

नगर जिल्ह्यातील पाणलोट विकासाच्या कथा आता शाळेच्या पाठापर्यंत येऊन पोचल्या आहेत. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, दरेवाडी ही नावे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. उजाड डोंगर, दुष्काळ, गावाची एकजूट, समतल चर, नालाबांध आणि शेवटी तुडुंब भरलेल्या विहिरी, असा त्या कथेचा क्रम ठरून गेलेला आहे. कथा खरी आहे, आणि ती सांगायलाही हवी. पण विज्ञान शिकवणाऱ्याने खरी कथासुद्धा तपासून घ्यावी लागते. तिच्यात काय मोजले गेले, काय मोजलेच नाही आणि जे मोजले नाही त्याची किंमत कोणी दिली, हे प्रश्न विचारायला हवेत. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या जिल्ह्यात पाणलोटाचे यश विहिरीत मोजले गेले, ओढ्यात मोजले गेले नाही. म्हणून गावे सुधारली तरी नदीचा हिशोब कोणाच्याच वहीत लिहिला गेला नाही.

जे साधले ते

आधी श्रेय द्यायला हवे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ साली परतले आणि तेथील मृद्‌-जलसंधारणाच्या कामाला वळण लागले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही सूत्रे तेथून राज्यभर गेली. १९९२ साली राज्य शासनाने आदर्श गाव योजना सुरू केली ती याच अनुभवावर. नगर तालुक्यातील हिवरे बाजार पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली याच योजनेतून पुढे आले.

दुसरा प्रवाह स्वयंसेवी संस्थांचा. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात अनेक वर्षे काम केले. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. त्यात जर्मनीची मदत होती आणि नाबार्डचा सहभाग होता. गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था नगरमध्ये स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील म्हसवंडी, दरेवाडी यांसारख्या कमी पावसाच्या गावांत या कार्यक्रमाने मोठे काम केले.

या कार्यक्रमांचे खरे नावीन्य बांधांत नव्हते. चर आणि बांध सरकारी खातेही खणत होते. नावीन्य होते ते निर्णयाच्या पद्धतीत. आधी श्रमदान, मग निधी. ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती. प्रत्येक गटाच्या शेतावर शेतकऱ्याला बरोबर घेऊन जमिनीचा उतार, मातीची खोली आणि योग्य उपचार ठरवणे. आणि काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे. आधी डोंगरमाथ्यावरचे पाणी थोपवायचे, मग शेतातले, आणि सर्वांत शेवटी नाल्यातले. हा क्रम महत्त्वाचा आहे. माथा मोकळा ठेवून नाल्यात बांध घातला तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच तो गाळाने भरतो.

हा क्रम सोडला की काय होते तेही आपण पाहिले. २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाले खोल करण्यावर भर राहिला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२० सालचा अहवाल सांगतो की नऊ हजार कोटींहून अधिक खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही. तेव्हा लोकांचा सहभाग ही शोभेची गोष्ट नाही, तो तंत्राचाच भाग आहे. एवढे मान्य करून आता त्रुटीकडे वळू.

पाऊस वाढत नाही, वाट बदलते

पाणलोट कामाचे गणित वर्गात अवश्य मांडावे. समजा एका गावाचे क्षेत्र १००० हेक्टर आहे आणि पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे गावावर ४० लाख घनमीटर पाणी पडते. यातले १५ टक्के, म्हणजे ६ लाख घनमीटर, पूर्वी ओढ्यातून वाहून जात असे असे धरू. चर आणि बांधांनी यातले निम्मे अडवले, तर ३ लाख घनमीटर पाणी गावात राहिले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचे आकडे घालावेत.

आता हे ३ लाख घनमीटर पाणी कोठून आले? बांधाने पाऊस निर्माण केला नाही. हे पाणी पूर्वी खालच्या गावाकडे जात होते. ते वाया जात होते, असे आपण सहज बोलून जातो. पण पाणी गावाच्या शिवेबाहेर गेले म्हणजे वाया गेले, हे विधान भूगोलाचे नाही, मालकीचे आहे. खालच्या गावाच्या दृष्टीने तेच पाणी येणे आहे.

मग बांध घालणे चूक का? मुळीच नाही. पुढचे सारे अडवलेल्या पाण्याचे आपण काय करतो यावर अवलंबून आहे. आपला जिल्हा बहुतांशी काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर, वसलेला आहे. वर थोडी माती, तिच्याखाली झिजलेल्या खडकाचा मुरूम आणि त्याखाली कठीण खडक. मुरलेले पाणी मुख्यतः या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. तेथून ते उताराच्या दिशेने हळूहळू सरकते आणि ओढ्याच्या काठातून पुन्हा झिरपते. पावसाळ्यात दोन दिवसांत धावून जाणारे पाणी अशा रीतीने डिसेंबर-जानेवारीपर्यंत थेंबथेंब ओढ्यात येत राहते. या अवस्थेत बांध म्हणजे खालच्या गावालाही वरदान असते, कारण पुराचे पाणी हिवाळ्याचे पाणी होऊन मिळते.

पण तेच पाणी मुरमात असतानाच विहिरीने आणि विंधनविहिरीने उपसून घेतले तर? उसाला हेक्टरी सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते असे धरले, तर आपले ३ लाख घनमीटर पाणी १५ हेक्टर उसात संपते. कांद्याला हेक्टरी ५ ते ६ हजार घनमीटर धरले, तर ५० ते ६० हेक्टर कांदा निघतो. कोणत्याही पिकात हे पाणी बहुतांशी पानांवाटे हवेत जाते, ओढ्यात परत येत नाही. मग गावात भरभराट दिसते आणि ओढा पूर्वीपेक्षा लवकर आटतो.

म्हणजे बांध तोच, खडक तोच, पाऊसही तोच. पण उपशाचा नियम असेल तर परिणाम एक आणि नसेल तर त्याच्या अगदी उलट. हिवरे बाजारचे महत्त्व आम्हांला यात दिसते. तेथील ग्रामसभेने शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यावर बंदी घातली, उसासारख्या पिकांना आवर घातला आणि पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. पाठातून मात्र बांधाचे चित्र काढायला सांगतात आणि ताळेबंद एका ओळीत उरकतात. आमच्या मते क्रम उलटा हवा.

तरीही एक प्रश्न उरतोच. ताळेबंदात पिण्याचे पाणी असते, जनावरांचे असते, पिकांचे असते. त्यात ओढ्यासाठी म्हणून वेगळी ओळ किती गावे ठेवतात?

जेथे मासा साक्षीला असतो

ही ओळ ठेवायला भाग पाडणारी एक व्यवस्था अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात आहे. तिचे निमित्त आहे सॅमन नावाचा मासा. आपल्या बाजारात रावसाला कधीकधी भारतीय सॅमन म्हणतात, पण त्या दोघांचे नाते नाही. खरा सॅमन डोंगरातल्या थंड ओढ्यात, खड्यागोट्यांच्या तळात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्याच जन्माच्या ओढ्यात परत येतो.

त्याच्या जीवनक्रमाकडे पाणलोटाच्या दृष्टीने पाहावे. डोंगर उघडा पडून गाळ आला, तर गोट्यांमधली अंडी गुदमरतात. काठावरची झाडे गेली, तर सावली जाते आणि पाणी तापते. उपसा वाढला, तर परतीची वाट कोरडी पडते. रस्त्याखालची मोरी उंच बसली, तरी मासा अडतो. धरणाची तर गोष्टच नको. म्हणजे माथ्यापासून समुद्रापर्यंत कोणीही चूक केली तरी ती माशाच्या संख्येत उमटते. विहिरीची पातळी एका गावाची साक्ष देते, सॅमन साऱ्या खोऱ्याची देतो.

तेथील भागीदारी केवळ सदिच्छेतून आलेली नाही. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की जुन्या करारांनुसार तेथील आदिवासी जमातींना पकडण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा मिळाला पाहिजे. त्या निकालाने या जमाती मासळीच्या व्यवस्थापनात राज्याच्या बरोबरीच्या भागीदार झाल्या. १९९८ साली राज्याने सॅमनच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला आणि खोऱ्याखोऱ्यांत स्थानिक गट उभे राहिले. १९९९ साली प्यूजेट साउंड भागातील चिनूक सॅमन संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आला. त्यासाठी खोरेनिहाय केलेली योजना २००७ मध्ये केंद्र सरकारने स्वीकारली. एल्व्हा नदीवरील दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली. मोऱ्यांचा प्रश्न जमातींनी न्यायालयात नेला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला.

पण ही कथाही आदर्श म्हणून सांगू नये. एवढे सारे होऊनही प्यूजेट साउंडमधला चिनूक अद्याप सावरलेला नाही. वाढती शहरे आणि तापते पाणी योजनेपेक्षा वेगाने पुढे जातात. तरीही तेथे एक गोष्ट आपल्यापेक्षा निश्चित वेगळी आहे. काम फसले तर ते फसले हे लपत नाही, कारण मासे मोजले जातात आणि तो आकडा समितीच्या हातात नसतो. आपल्याकडे पूर्ण झालेले बांध मोजले जातात, आणि ते बांधणाऱ्याच्या हातात असतात.

आपला साक्षीदार कोण?

आपल्या नद्यांतही प्रवासी मासे होते. भीमा ही जिल्ह्याची दक्षिणेकडची सीमा आहे. तिच्या खोऱ्यातले मासे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स यांनी अभ्यासले. त्यांनी १८३९ साली वर्णन केलेल्या माशांत दख्खनचा महाशीर आहे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. त्याच वर्षी त्यांनी एका ईल माशाचेही वर्णन केले. याला मराठीत अहीर म्हणतात.

अहिराचा प्रवास सॅमनच्या नेमका उलट असतो. तो समुद्रात जन्मतो, कोवळ्या वयात नदीत शिरतो, गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे जातो. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे भीमेतल्या अहिराने सारे दख्खन ओलांडलेले असे. आज त्या वाटेवर नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि उजनीसारखी धरणे उभी आहेत.

ही धरणे पाडा असे आम्ही सुचवत नाही. त्यांच्या पाण्यावर शहरे आणि शेती उभी आहे. पण गावाच्या आवाक्यातला एक अधिवास आहे, आणि तो म्हणजे डोह. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात तुटतात. प्रवाह थांबतो आणि नदी म्हणजे डोहांची माळ होते. पुढच्या पावसापर्यंत मासे, कासवे, शिंपले याच डोहांत तग धरतात. सॅमनला जसा गोट्यांचा तळ, तसा आपल्या माशांना डोह. डोह टिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात: काठातून झिरपणारे पाणी आणि न उपसलेली वाळू. नगर जिल्ह्यात वाळूउपशाने नद्यांचे काय केले हे प्रवरा, मुळा किंवा भीमेकाठच्या शिक्षकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

डोह राखण्याची रीत आपल्याला परकी नाही. महाडजवळचा वाळण कोंड देवीच्या नावाने राखला गेला म्हणून तेथे महाशीर टिकले. श्रद्धेने राखलेले ते नियोजनाने राखता येणार नाही असे नाही.

येथे एका सोप्या उपायाचा मोह टाळावा. तो म्हणजे मासे सोडणे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराचे बीज तयार केले. हे काम तंत्राच्या दृष्टीने मोठेच आहे. पण हा दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेला आणि तेथील मूळचा कुबडा महाशीर झपाट्याने मागे हटला. त्या कुबड्या महाशीराची शास्त्रीय ओळख निश्चित झाली ती २०१८ साली, तो नाहीसा होण्याच्या काठावर आल्यावर. मासे सोडल्याने संख्या वाढेल, पण नदी सुधारली हे सिद्ध होत नाही. साक्षीदार आपणच पढवून आणला तर त्याच्या साक्षीला किंमत नसते.

शिवेच्या खाली

हा प्रश्न फक्त माशांचा आहे असे कोणी समजू नये. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर करत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. पुढे पैठणला जायकवाडीचा जलाशय आहे. दुष्काळी वर्षांत वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात दर वेळी वाद पेटतो. २००५ च्या कायद्याने आलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली समन्यायी वाटपाचा आदेश दिला. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, असे सूत्र त्यातून पुढे आले. २०२३ च्या नोव्हेंबरातही असे पाणी सोडावे लागले.

या भांडणात मोठी धरणे समोरासमोर असतात. माथ्यावरच्या हजारो लहान बांधांचा आणि विंधनविहिरींचा हिशोब त्यात कोठेच नसतो. एका गावाचे ३ लाख घनमीटर खोऱ्याच्या मानाने नगण्य आहे. पण शंभर गावांचे ३ कोटी घनमीटर होते. ज्या विद्यार्थ्याला पाणलोट म्हणजे आपले गाव एवढेच शिकवले, तो मोठा झाल्यावर या वादात फक्त आपली बाजू ओळखतो. ज्याला पाणलोट म्हणजे माथ्यापासून मुखापर्यंतची उतरंड हे कळले, तो निदान दोन्ही बाजूंचे आकडे मागेल.

गावाच्या आतही हाच न्याय लागू आहे. चराईबंदीचा लाभ बागायतदाराला विहिरीतून मिळतो. पण ज्याच्याकडे शेळ्या-मेंढ्या आहेत आणि जमीन नाही, त्याला ती बंदी पहिल्या दिवसापासून जाचते. समितीत ज्याची खुर्ची नाही त्याच्या वाट्याला खर्च जातो. खालचे गाव आणि डोहातले मासे हे तर समितीच्या खोलीपर्यंतही पोचत नाहीत.

शाळेने काय करावे

खोऱ्याची समिती शाळा स्थापू शकत नाही. पण जे मोजले जात नाही ते मोजायला शाळा सुरुवात करू शकते, आणि त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत.

पहिले मोजमाप तारखेचे. आपल्या गावाच्या खालच्या शिवेवर ओढ्याची एक जागा निश्चित करावी. पावसाळा संपल्यावर दर आठवड्याला तेथे जाऊन पाणी वाहते की नाही एवढेच लिहावे. ज्या दिवशी प्रवाह थांबला ती तारीख, आणि शेजारी त्या वर्षाचा पाऊस. दहा वर्षांच्या दहा तारखा हा कोणत्याही छापील अहवालापेक्षा मोलाचा पुरावा होईल. पाऊस सारखा असूनही तारीख पुढे सरकत असेल तर पाणलोट खरोखर सुधारला. विहिरी भरलेल्या असूनही तारीख अलीकडे येत असेल तर गाव आपली सुधारणा खालच्या गावाच्या खर्चाने करत आहे.

दुसरे मोजमाप प्रवाहाचे. ओढ्याचा १० मीटरचा सरळ भाग निवडून लिंबू सोडावे आणि वेळ घ्यावी. रुंदी १.५ मीटर, सरासरी खोली ०.२ मीटर आणि वेळ २५ सेकंद असेल, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर येतो. तळाशी पाणी सावकाश वाहते म्हणून त्याला ०.८ ने गुणावे. उत्तर सेकंदाला ९६ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ८३ लाख लिटर. हे गणित आठवीच्या मुलांना जमते.

तिसरे मोजमाप डोहाचे. मे महिन्यात जवळच्या डोहात किती खोल पाणी उरले, तळाला वाळू आहे की गाळ आणि तेथे कोणते मासे मिळतात, याची नोंद मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांना विचारून करावी. माशांची स्थानिक नावे जशी सांगितली तशीच लिहावीत. ही माणसे नदीची खरी जाणकार आहेत, आणि पाणलोटाच्या बैठकीला त्यांना क्वचितच बोलावले जाते.

खोळंबा एकाच गोष्टीचा होईल. एका गावाच्या शाळेची वही त्या गावापुरतीच राहील. म्हणून एकाच ओढ्यावरच्या दोन शाळांनी, वरच्या आणि खालच्या, वर्षातून एकदा वह्या समोरासमोर ठेवाव्यात. वरच्या शाळेने खालच्या शाळेला आपली तारीख सांगावी आणि तिची ऐकून घ्यावी. खोऱ्याचे नियोजन म्हणून जे बोलले जाते त्याची किमान अट एवढीच आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील नावाजलेल्या कामांतही ती अजून पुरी व्हायची आहे.